छंदाचं मासिक कागदावरून पडद्यावर नेताना

कादंबरी एकदा वाचून झाली की कपाटात जाते. छंदाच्या मासिकाचं तसं नसतं. ते आधी वाचायचं, मग टेबलावर उघडं ठेवून काम करायचं, त्यातल्या ड्रॉइंगवर पट्टी लावायची, रंगाच्या ठिपक्याशेजारी डबीचं झाकण धरून बघायचं, आणि काही वर्षांनी ‘ते कॅनोपी मास्किंगचं (रंगवताना कॉकपिटची काच झाकायचं) कुठल्या अंकात होतं?’ म्हणत सगळा गठ्ठा उपसायचा. डिजिटल अंकाकडे वळताना ही सगळी कामं पडद्यावर कशी होणार ते आधी बघायला हवं. ‘पानं छान दिसतात’ एवढ्यावर वर्गणी भरू नये.

मी विमानांची आणि जहाजांची स्केल मॉडेल्स करते. पूर्वी ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते (बाई असले तरी हुद्दा तोच), त्यामुळे मापाच्या बाबतीत जरा खडूस आहे. पुढचं सगळं त्याच नजरेतून आलंय. विणकाम, सुतारकाम किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ‘ड्रॉइंग’च्या जागी आपापला पॅटर्न, कटिंग लिस्ट, सर्किट वाचावं.

हा बदल करायचा की नाही हे दर वेळी आपल्या हातात असतंच असं नाही. १८७२ पासून निघणारं ‘पॉप्युलर सायन्स’ २०२१ मध्ये कागदावरून गेलं आणि २०२३ मध्ये मासिक म्हणूनच बंद झालं. ‘मॅक्सिमम पीसी’ आणि ‘मॅकलाइफ’ यांचे छापील अंकही २०२३ मध्येच थांबले. आपलं मासिक अजून छापलं जातंय तोवरच सावकाश तयारी केलेली बरी.

आधी बघा: हातात फाइल येते की नुसती परवानगी

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून आधी घेते. डिजिटल अंक दोन तऱ्हांनी मिळतो. एकात पीडीएफ फाइल उतरवता येते आणि ती तुमच्या डिस्कवर राहते. दुसऱ्यात अंक ॲपच्या आत उघडतो. ‘डाउनलोड’ असं बटण असलं तरी ती प्रत त्या ॲपबाहेर उघडत नाही. ही दुसरी तऱ्हा म्हणजे वाचायची परवानगी. वर्गणी संपली किंवा दुकान बंद झालं की ती जाऊ शकते.

आणि दुकानं बंद होतात. ॲपलचं न्यूजस्टँड २०११ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये गेलं. टेक्स्चर नावाची एका वर्गणीत अनेक मासिकं देणारी सेवा ॲपलने विकत घेऊन २०१९ मध्ये बंद केली आणि त्या जागी ॲपल न्यूज प्लस आणली. गूगलने मासिकांच्या हुबेहूब प्रती विकणं २०२० मध्ये थांबवलं. किंडलवरची मासिकांची वर्गणी ॲमेझॉनने २०२३ मध्ये गुंडाळली. यातल्या कुठल्याच कंपनीचं दिवाळं निघालं नव्हतं. धंद्याचं गणित बदललं, एवढंच.

त्यामुळे वर्षाची वर्गणी भरण्याआधी एकच सुटा अंक विकत घ्या आणि त्याची परीक्षा करा. तो उतरवा, इंटरनेट बंद करा, मग ॲपही बंद करा आणि फाइल साध्या पीडीएफ रीडरमध्ये उघडते का बघा. उघडली तर उत्तम. मग त्यात शोध चालतो का, पान छापता येतं का, तेही बघा. काही प्रकाशक प्रत्येक पानाच्या तळाला खरेदीदाराचं नाव आणि ईमेल छापतात. त्याने बिघडत काही नाही; फाइल इकडेतिकडे वाटू नये म्हणून ती सोय असते, आणि तशी ती वाटूही नये.

याचा अर्थ ॲपमधली वर्गणी टाकाऊ असं नाही. रीडली, झिनिओसारख्या सेवा किंवा सार्वजनिक वाचनालयांमार्फत चालणारं लिबी ॲप चाळायला झकास. दहा मासिकांतलं एखाददुसरंच पान आपल्या कामाचं असतं; तेवढ्यासाठी दहा अंक विकत का घ्यायचे? माझा हिशोब साधा आहे: चाळायची मासिकं सेवेतून, ज्यांच्यावरून बांधायचं ती फाइल म्हणून. सेवेत एखादी मालिका आवडली तर तेवढे अंक प्रकाशकाकडून सुटे घ्यायचे.

जुन्या अंकांचं भांडार फुकट मिळेल, या जाहिरातीकडे जरा सावध नजरेने बघा. बहुतेक वेळा ते वर्गणी चालू असेपर्यंतच खुलं असतं. शिवाय ते कुठल्या वर्षापासून सुरू होतं ते बघून घ्या. तुम्हाला हवी ती वर्षं नेमकी त्याच्या आधीची निघतात.

कागदावर होतं ते सगळं आलंय का

डिजिटल अंकात छापील पान जसंच्या तसं असेल, किंवा नुसता मजकूर आणि चित्रं पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओघळणारी असतील. लेख वाचायला दुसरा प्रकार सोपा, पण ड्रॉइंगच्या मापाचा त्यात काही भरवसा नाही. मांडणी बदलली की चित्रही लहानमोठं होतं. छंदवाल्याने पानाची प्रतिकृती असलेलाच अंक घ्यावा.

मग पुरवणी. अंकाबरोबर येणारा घडीचा मोठा नकाशा, डिकलचा (मॉडेलवर चिकटवायच्या खुणा-अक्षरांचा) कागद, मधलं चार पानी ड्रॉइंग हे डिजिटल अंकात असेलच असं धरून चालू नका. कधी ते वेगळ्या दुव्यावर असतं आणि तो दुवा काही काळच चालतो. अंक आला त्याच दिवशी तो उतरवून अंकाच्याच फोल्डरमध्ये टाका.

जुन्या अंकांचा नुसता मजकूर देणाऱ्या संग्रहांत एखादा लेख गायब दिसतो, त्यालाही कारण आहे. मुक्त लेखकांचे लेख अशा संग्रहांत घालायला त्यांची वेगळी परवानगी लागते, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये टासिनी खटल्यात दिला. परवानग्या गोळा करण्यापेक्षा लेख काढून टाकणं सोपं होतं, आणि पुष्कळ ठिकाणी तेच झालं. छंदाच्या मासिकांत लिहिणारे बहुतेक मुक्त लेखकच असतात, तेव्हा आपल्याला याची झळ जास्त.

पडदा केवढा हवा

मासिकाचं पान साधारण ए-फोरच्या आसपास असतं. त्याचा कर्ण १४ इंच भरतो. दहा-अकरा इंची टॅब्लेटवर तेच पान जेमतेम तीन-चतुर्थांश आकाराचं दिसतं. ९ पॉइंटचा मजकूर ७ पॉइंटच्याही खाली जातो, आणि चित्राखालच्या ओळी मुळातच बारीक असतात. चाळिशी लागलेल्यांनी १२-१३ इंची टॅब्लेट घ्यावा, नाहीतर दर पानाला दोन बोटांनी ताणत बसावं लागतं. सहा-सात इंची ई-इंक रीडर कादंबरीला कितीही गुणी असला तरी आपल्या कामाचा नाही. पान मावत नाही आणि बहुतेकांवर रंगही नाहीत. फोन फक्त शोधायला.

याहून चांगला आणि बहुतेकांच्या टेबलावर आधीच असलेला पर्याय म्हणजे २४ इंची मॉनिटर. रुंद पडद्याचा असेल तर तो सुमारे ५३ बाय ३० सेंटिमीटर भरतो. शेजारीशेजारी ठेवलेली दोन ए-फोर पानं ४२ बाय २९.७. म्हणजे फुल स्क्रीन केली की उघडलेलं मासिक जवळजवळ खऱ्या आकारात समोर येतं.

फक्त एक सेटिंग बघा. पीडीएफ रीडरमध्ये ‘दोन पानं शेजारी’ निवडलं की तो १-२, ३-४ अशा जोड्या लावतो. छापील अंकात मुखपृष्ठ एकटं असतं आणि खऱ्या जोड्या २-३, ४-५ अशा. त्यामुळे मधल्या जोडपानावरच्या विमानाचं नाक एका जोडीत जातं आणि शेपूट पुढच्या. तिथेच ‘दोन पानांत मुखपृष्ठ वेगळं दाखवा’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तो चालू केला की नाक-शेपूट जुळतात. पुष्कळ जण हे न करताच ‘डिजिटलमध्ये ड्रॉइंग तुटतं’ म्हणून कागदाकडे परत जातात.

कामाच्या टेबलावर टॅब्लेट आणायचा असेल तर पातळ प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घाला, स्पर्श पिशवीवरूनही चालतो. ॲसिटोन पडद्याच्या आसपास नको. काचेवरचा बोटांचे डाग न धरणारा थर त्याने जातो. मी तर टॅब्लेट टेबलावर आणतच नाही. लागतं तेवढं पान छापते, त्यावर पेन्सिलने लिहिते आणि काम झालं की रद्दीत टाकते. डिजिटल अंकाची मला पटलेली सगळ्यात मोठी सोय हीच: मूळ पानाला डिंक लागायची भीती गेली.

ड्रॉइंग मापात छापणं

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग.

प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ निवडलेलं असतं आणि आपण तसंच ओके दाबतो. अमेरिकी मासिकाचं पान लेटर आकाराच्या जवळपास, म्हणजे सुमारे २१६ मिलिमीटर रुंद. ए-फोर २१० रुंद. ‘फिट’ केल्यावर पान आक्रसून ९७ टक्क्यांवर येतं, आणि प्रिंटरचा समास धरला तर त्याहूनही खाली. ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. १२ मीटर पंखविस्ताराचं विमान १:४८ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागात, २५० मिलिमीटर भरायला हवं. ९७ टक्क्यांत ते २४२.५ होतं. साडेसात मिलिमीटर गेले, म्हणजे खऱ्या विमानाचे ३६ सेंटिमीटर. किटमधला (जोडायच्या भागांच्या संचातला) पंख त्या ड्रॉइंगवर ठेवून ‘किट चुकीचं आहे’ असं ठरवणारे कमी नाहीत.

म्हणून ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडा, कडा कापल्या गेल्या तरी चालेल. छापून झाल्यावर ड्रॉइंगखालच्या मापपट्टीवर स्टीलची पट्टी लावा. मापपट्टी नसेल तर लेखातला पंखविस्तार घ्या, स्केलने भागा आणि ताडा. समजा २५० हवेत आणि २४३ भरले, तर २५० भागिले २४३, म्हणजे १०२.९ टक्क्यांवर पुन्हा छापा. आडवं जुळलं म्हणून उभं जुळेलच असं समजू नका. कागद ओढणाऱ्या रोलरमुळे काही प्रिंटर लांबीत किंचित खातात, तेव्हा दोन्ही दिशा मोजा. आणि ड्रॉइंगवर आकडा लिहिलेला असेल तर पट्टी लावूच नका, आकडा घ्या. ड्रॉइंग ऑफिसात हे पहिल्याच दिवशी सांगायचे. कागद ताणतो, आकडा ताणत नाही.

स्केल बदलायचं असेल तर ड्रॉइंगच्या स्केलचा आकडा भागिले हव्या त्या स्केलचा आकडा, गुणिले १००. १:७२ चं ड्रॉइंग १:४८ ला हवं असेल तर १५० टक्के. उलट जायचं तर ६६.७. मॉडेल रेल्वेवाल्यांना एचओचं, म्हणजे १:८७ चं ड्रॉइंग १:१६० च्या एन स्केलला हवं असेल तर ५४.४. पूर्वी यासाठी फोटोकॉपीवाल्याच्या मशीनपाशी अंदाजपंचे खेळ चालायचा.

मोठं करताना ड्रॉइंग कसल्या जातीचं आहे ते महत्त्वाचं. पडद्यावर ८०० टक्के मोठं करून बघा. रेघ धारदार राहिली तर ती व्हेक्टर, कितीही मोठी करा. चौकोनी पायऱ्या दिसल्या तर ते ठिपक्यांचं चित्र आहे. फाइल हलकी करायला काही प्रकाशक चित्रं १५० डीपीआयवर (इंचाला १५० ठिपके) आणतात. तिथे एक ठिपका ०.१७ मिलिमीटरचा होतो, म्हणजे १:७२ मध्ये खऱ्या विमानाचे १२ मिलिमीटर. शेजारच्या दोन पॅनल रेषा (विमानाच्या पत्र्यांचे सांधे) एकमेकींत मिसळतात. सुट्या अंकाच्या परीक्षेत हेही बघा, आणि ‘हाय रिझोल्यूशन’ची वेगळी फाइल मिळते का ते विचारा.

ए-फोरवर न मावणारं ड्रॉइंग ‘पोस्टर’ पर्यायाने तुकड्यांत छापता येतं. तुकड्यांना एकमेकांवर चढ द्या आणि जोडताना कागदाच्या कडा जुळवू नका, ड्रॉइंगमधली एखादी लांब सरळ रेघ पकडून तिच्यावर जुळवा.

रंग

थोडक्यात: पडद्यावरचा रंग खरा मानू नका. तसा छापील रंगही खरा नव्हताच, पण तो निदान रोज तोच असायचा. रंग बघताना रात्रीचा पिवळसर मोड आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे छटा बदलणारी सेटिंग बंद ठेवा. त्याहून बरं म्हणजे लेखात दिलेला मानक क्रमांक पकडा. अमेरिकी फेडरल स्टँडर्ड ५९५ मध्ये पाच आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा चमक सांगतो: १ चकचकीत, २ अर्धवट, ३ मॅट. ३६३७५ म्हणजे मॅटमधला फिकट ‘घोस्ट ग्रे’. रंग उत्पादकांच्या तुलनातक्त्यांत हा क्रमांक शोधला की डबी सापडते.

नाव, नोंद, प्रत

प्रकाशकाकडून येणाऱ्या फाइलचं नाव बहुधा अर्थहीन आकड्यांचं असतं. उतरवल्याबरोबर बदला: मासिकाचं नाव, मग वर्ष, मग दोन आकडी महिना, असं ‘२०१९-०४’. महिना अक्षरांत लिहिला तर एप्रिलचा अंक जानेवारीच्या आधी जाऊन बसतो.

शोधाची सोय आहे म्हणून नोंदवही बंद करू नका. शोधाला फक्त शब्द कळतात. ‘पाण्याच्या डागांचा परिणाम’ ज्या फोटोत सुंदर दिसतोय, त्याच्या आसपास तो शब्दच नसतो. मी साध्या स्प्रेडशीटमध्ये विषय, मासिक, वर्ष-महिना, पान आणि प्रकार (ड्रॉइंग, फोटो, तंत्र) एवढेच रकाने ठेवते. अंक आला की एकदा पानं उलटायची आणि दोन-तीन ओळी टाकायच्या. न वाचलेले डिजिटल अंक दिसत नाहीत, त्यामुळे टोचतही नाहीत. ही एक चाळणी लागली तर निदान काय आलंय ते ठाऊक असतं. पान क्रमांक छापील लिहा आणि पीडीएफचा त्याहून वेगळा असेल तर किती पानांचा फरक ते मासिकाच्या नावापुढे एकदाच नोंदवा.

मराठी अंकांत एक वेगळी अडचण येते. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं मराठी दिसतात, पण शोध लागत नाही. ओळ कॉपी करून बघितली तर भलतीच चिन्हं उमटतात. अशा फाइलवर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) करावं लागतं. टेसरॅक्ट या मोफत प्रणालीत मराठीची सोय आहे. जोडाक्षरं थोडी चुकतात, पण शोधापुरतं भागतं.

प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पूर्ण रंगीत अंक ५० ते १०० एमबीचा धरला तरी शंभर अंक १० जीबीच्या आत बसतात, तेव्हा जागेची सबब चालत नाही.

जुना गठ्ठा

सगळं स्कॅन करायला बसू नका. अर्ध्यात कंटाळा येतो आणि मग कागदही विस्कटलेला, फाइलही अपुरी. आधी प्रकाशकाकडे ती वर्षं डिजिटल मिळतात का बघा. गूगल बुक्सवर काही मासिकांचे जुने अंक पूर्ण वाचता येतात, ‘पॉप्युलर सायन्स’ त्यातलंच. उरलेल्यांतले फक्त कामाचे लेख काढा.

पिना मारलेला अंक असेल तर मधोमध उघडून पिना सरळ करा. पानं अलगद सुटतात, सपाट स्कॅन होतात आणि परत घालताही येतात. डिंकाच्या बांधणीचा अंक काचेवर दाबला की पाठीजवळचा मजकूर वाकतो. तिथे पाठ कापायची की नाही हे त्या अंकावरच्या प्रेमावर ठरवा.

मजकुराला ३०० डीपीआय पुरे, ड्रॉइंगला ६००. फोटो जेपेगमध्ये चालतील, पण ड्रॉइंग पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. जेपेगने रेघेभोवती धुरकट ठिपके येतात. छापील फोटो मुळात ठिपक्यांचा असतो, त्यामुळे स्कॅनमध्ये त्यावर जाळीसारखे पट्टे उमटतात. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ‘डीस्क्रीन’ असतं, ते फोटोला चालू आणि ड्रॉइंगला बंद. प्रत्येक ड्रॉइंगशेजारी काचेवर एक पट्टी ठेवून स्कॅन करा, म्हणजे पुढे कुणीही ते कुठल्याही मापात छापलं तरी मोजायची सोय राहते. स्वतःच्या वापरासाठी अशी प्रत करण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. आपल्याकडचे बघून घ्या.

घडीचे मोठे नकाशे मी टाकत नाही. ए-वनचा कागद भिंतीवर लावून जे दिसतं ते कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. बाकीचे अंक द्यायचे असतील तर रद्दीआधी मॉडेलर्सचा एखादा क्लब किंवा वाचनालय यांना विचारा, आणि गठ्ठ्याबरोबर त्या वर्षांपुरती तुमची स्प्रेडशीट छापून द्या. डिसेंबरच्या अंकात वार्षिक सूची असेल तर तो अंक गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवा.